न मागितलेले येणे

गेल्या पावसाळ्यात सांगलीला माझी थोरली बहीण न्हाणीघरात घसरून पडली. भाच्याने रात्री मला सात वेळा फोन लावला. एकदाही लागला नाही. पुण्यातले आमचे घर तळमजल्यावरचे, आणि दोन्ही बाजूंना आता उंच इमारती उभ्या आहेत. सकाळी दूध आणायला रस्त्यावर आलो, तेव्हा फोन खणखणला. ताई पुढे बरी झाली. पण त्या रात्री ती हॉस्पिटलात होती आणि मी इथे स्वस्थ झोपलो होतो, ही टोचणी राहिली.

शेवटी फोन कंपनीकडे अर्ज केला. सिग्नल वाढवणारा बूस्टर बाजारातून आणून परस्पर बसवता येत नाही. ते काम कंपनीचेच. कंपनीचा एक तरुण तळहाताएवढा सिग्नल मीटर घेऊन आला. दिवाणखान्यात आकडा आला उणे ११२. गच्चीवर कोपरा न् कोपरा फिरल्यावर पश्चिमेला सापडला उणे ७२. माझे आयुष्य बँकेत गेलेले. उणे आकडा म्हटला की मला ओव्हरड्राफ्टच आठवतो. इथेही उणे जितके कमी तितके बरे. मात्र दर दहा अंकांना ताकद दहापट होते. म्हणजे चाळीस अंकांत गच्चीवरचा सिग्नल घरातल्यापेक्षा दहा हजारपट! बाहेरचा अँटेना त्याने त्या कोपऱ्यात बसवला आणि आतला त्यापासून दूर, मध्ये स्लॅब ठेवून. दोन्ही जवळ आले, तर लाउडस्पीकरसमोर माइक धरल्यासारखे होते. बूस्टर स्वतःचाच आवाज पकडत बसतो.

त्याच्या हातातल्या त्या मीटरकडे पाहताना मला जगदीशचंद्र बसू आठवले. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना वनस्पतींच्या संवेदना दाखवणारे शास्त्रज्ञ म्हणून भेटतो. पण त्याआधी हा माणूस अदृश्य लहरी पकडण्याच्या मागे लागला होता.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, मैमनसिंगचा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. इंग्रजी शाळेचा मान मोठा होता त्या काळात त्यांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. लोकांच्या भल्यासाठी काढलेल्या उद्योगांत पुढे ते कर्जात बुडाले. जगदीशचंद्र १८८० मध्ये वैद्यकी शिकायला लंडनला गेले; प्रकृतीने साथ दिली नाही, म्हणून केंब्रिजला विज्ञानाकडे वळले. १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. भारतीय प्राध्यापकाला गोऱ्यापेक्षा पगार कमी. त्यांनी भांडण केले नाही, राजीनामाही दिला नाही. रोज वर्गावर गेले, आणि तीन वर्षे पगारच घेतला नाही! डोक्यावर वडिलांचे कर्ज असताना. अखेर सरकार नमले. मागच्या तारखेपासून पूर्ण पगार मिळाला, आणि तो कर्जफेडीत गेला. कर्जवसुलीत माझी बरीच वर्षे गेली. वडिलांचे देणे असे फेडणारे मुलगे मी फार थोडे पाहिले.

१८९४ पासून कॉलेजातल्या न्हाणीघरालगतच्या एका लहानशा जागेत त्यांचे संशोधन सुरू झाले. हाताशी होता एक साधा कारागीर. दुसऱ्या वर्षी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडून, तारेवाचून लहर पाठवून घंटा वाजवली आणि दारूची पूड पेटवली. त्यांनी हाताळलेल्या काही लहरींची लांबी जेमतेम पाच मिलिमीटर होती.

लहर निर्माण करणे हे निम्मे काम. ती पकडणे हे उरलेले निम्मे. त्या वेळचा पकडणारा म्हणजे धातूचा कीस भरलेली काचेची नळी. दर वेळी तिला टिचकी मारावी लागे, आणि बंगालच्या दमट हवेत ती लहरीपणा करी. बसूंनी किसाऐवजी बारीक स्प्रिंगा वापरल्या. १८९९ मध्ये लोखंड आणि पारा यांचा टिचकीवाचून चालणारा शोधक रॉयल सोसायटीपुढे मांडला. मग गॅलिना या शिशाच्या खनिजाचा शोधक तयार केला. पुढे हौशी लोकांच्या घरोघरच्या रेडिओंत अशाच स्फटिकाने काम केले.

१९०१ मध्ये लंडनला तारायंत्राच्या धंद्यातला एक धनिक पेटंटचा करार घेऊन त्यांच्याकडे आला. बसूंनी नकार दिला आणि ते मित्र रवींद्रनाथांना पत्राने कळवले. ज्ञान विकायचे नाही, हा त्यांचा निश्चय. सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी फारच आग्रह धरल्यावर गॅलिनाच्या शोधकासाठी अमेरिकेत अर्ज झाला; १९०४ मध्ये पेटंट मिळालेही. त्यातून बसूंनी पैसा केला नाही. मुदत संपू दिली. त्याच १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकला, तो पाऱ्याच्याच शोधकावर. त्याचे मूळ बसूंच्या शोधकात होते, असे अभ्यासकांनी पुढे दाखवले आहे.

मी शाखाधिकारी असतो आणि बसू सल्ल्याला आले असते, तर मी त्यांना सही करा म्हणून सांगितले असते. संशोधनाला पैसा लागतो. स्वतःची संस्था उभी राहायला १९१७ साल उजाडले. आणि हक्क सांगितला नाही की नाव पुसले जाते, हेही खरे. पण दुसरे देणे थकवायचे नाही आणि आपले येणे मागायचे नाही, असा माणूस माझ्या हिशेबात बसत नाही, म्हणून तो चुकला असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. कमी पगार त्यांनी नाकारला, तेव्हा प्रश्न मानाचा होता. पेटंट नाकारले, तेव्हा तो विद्येचा होता. पैसा दोन्ही वेळा दुय्यम ठरला.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीहला त्यांचे निधन झाले.

काम आटोपल्यावर त्या तरुणाने दिवाणखान्यात पुन्हा मीटर धरला. आकडा उणे ८० च्या आत आला होता. चहा घेताना मी त्याला बसूंविषयी सांगितले. त्याला नाव झाडांमुळे ठाऊक होते, यामुळे नाही. तो गेल्यावर मी आरामखुर्चीतूनच सांगलीला फोन लावला. पहिल्याच घंटेला ताईने उचलला.