मुधोळच्या राजाची शिकारी कुत्री आणि महायुद्धातली टंचाई

परवा टेंभी नाक्यावर उंच, सडपातळ, लांब तोंडाचं कुत्रं दिसलं. कोणी म्हणालं, उपाशी ठेवलंय बिचाऱ्याला. उपाशी नाही मंडळी, ती जातच तशी. आपण कारवानी म्हणतो ते हे, मुधोळचं कुत्रं. त्याला नाव मिळवून दिलं ते राजे मालोजीराव घोरपडे यांनी.

मुधोळ आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. पण घराणं मराठी. शहाजीराजांना पकडणारा बाजी घोरपडे याच घराण्यातला. मालोजीराव १८८४ चे. १९०० मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षीच गादीवर आले. शिकारीचा भारी नाद. बेरड लोकांकडची ससा धावत गाठणारी कुत्री त्यांच्या नजरेत भरली. त्यांनी ती राजवाड्यात आणून जात निवडून वाढवली. इंग्लंडला गेले तेव्हा एक जोडी पाचव्या जॉर्ज बादशहाला भेट दिली. तिथून मुधोळ हाउंड हे नाव पडलं.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. इंग्लंडात धान्याची जहाजं जर्मन पाणबुड्या बुडवू लागल्या. तिथं कोल्ह्याच्या शिकारीसाठी मोठमोठे कळप पाळलेले, त्यांना रोज ओटची लापशी लागायची. माणसांनाच पुरेना, तिथं कुत्र्यांना कुठून? मग पैदाशीपुरती ठेवून बाकीची बरीच मारावी लागली. पाळणाऱ्यांच्या जिवावरच आलं असेल.

टंचाई आपल्याकडंही होती. १९१८ ला पावसानं दगा दिला, ज्वारी महागली, वर इन्फ्लुएंझाची साथ. अशा काळात राजवाड्यातल्या कुत्र्यांवरच सगळी भिस्त असती तर ही जात धोक्यात आली असती, असं मला वाटतं. पण तिचं मूळ बेरड-धनगरांच्या वस्तीवर होतं. घरटी एक-दोन कुत्री. उरलीसुरली भाकरी खायची, ससा धरला की घरच्यांच्याही कालवणाची सोय. इंग्लंडातला कळप मालकाच्या कोठारावर जगायचा, हे कुत्रं मात्र धन्याच्या ताटालाही भर घालायचं.

मालोजीरावांची कारकीर्द १९३७ ला संपली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १९७२ च्या कायद्यानं शिकारही बंद झाली. कुत्रं मात्र राहिलं, शेताच्या राखणीला. २००५ मध्ये टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं. आपल्या मुरबाड-शहापूरकडं कोणी पाळायचं म्हणत असेल तर एक सांगतो, त्याला चाळीत बांधून ठेवू नका. पळायला रान लागतं त्याला.