बर्लिन ऑलिम्पिकच्या वर्षी तिथं नाचलेल्या मेनका

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकला जाऊन आली, हे वऱ्हाडात आजही अभिमानानं सांगतात. मल्लखांब, कबड्डी त्यांनी तिथं दाखवली. स्पर्धा मात्र नव्हती, नुसती प्रात्यक्षिकं.

त्याच उन्हाळ्यात बर्लिनमध्ये आणखी एक भारतीय संच होता. मेनका यांचा.

त्यांचं खरं नाव लीला रॉय, लग्नानंतर सोखी. जन्म १८९९ चा, आता बांगलादेशात असलेल्या बारिसालचा. चांगल्या घरच्या बाईनं नाचणं लोकांना पटत नसे, त्या काळात त्या कथक शिकल्या. रशियन बॅले नर्तिका ॲना पाव्हलोवा यांनी हुरूप दिला आणि मेनकांनी कथकमधून भारतीय बॅले उभा केला.

ऑलिम्पिक ऑगस्टमध्ये सुरू झालं. त्याआधी जुलैत बर्लिनलाच आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली, तिथं मेनकांच्या संचाचा गौरव झाला. म्हणजे नाचाची स्पर्धा झाली, पण खेळांपासून वेगळी.

आज मल्लखांबात पंच अवघड आसनं, तोल, सफाई बघून गुण देतात. बॅलेतही घाम तेवढाच गळतो. पण मेनकांच्या बॅलेत कृष्णलीलेसारखी गोष्ट असायची. तिला गुण कसे देणार?

युरोप दौऱ्यानंतर त्यांनी खंडाळ्यात नृत्यशाळा काढली. १९४७ मध्ये त्या गेल्या.