‘हाऊंड डॉग’ जगभर एल्विसच्या नावाने वाजलं, पण ते पहिल्यांदा गाणाऱ्या बिग मामाला मिळाला एकच चेक

२०२२ मध्ये आलेला ‘एल्विस’ सिनेमा पाहिला असेल तर क्लबमध्ये ‘हाऊंड डॉग’ गाणारी ती कृष्णवर्णीय बाई आठवत असेल. सिनेमा नसेल पाहिला, तर डोजा कॅटच्या ‘वेगस’ गाण्यात त्याच सुरावटीचा तुकडा कानावर पडला असेल.

ती बाई खरी होती. तिचं नाव विली मे थॉर्नटन, पण जग तिला ‘बिग मामा’ म्हणून ओळखायचं.

११ डिसेंबर १९२६ ला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात तिचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक आणि आई तिथेच गाणारी. साधारण चौदा वर्षांची असताना आई गेली. मग पोरगी घर सोडून एका फिरत्या कंपनीत शिरली. गावोगावी शो, नाचगाणं, विनोद, पडेल ते काम. ड्रम आणि माऊथ ऑर्गन तिला कोणी शिकवला नाही, दुसऱ्यांचं बघून बघून ती शिकली. सहा फुटांच्या आसपास उंची, धिप्पाड बांधा आणि माईकची गरज वाटू नये असा आवाज. स्टेजवर ती बऱ्याचदा पुरुषी शर्ट-पँट घालून उभी राहायची.

१९४८ मध्ये ती ह्युस्टनला आली आणि १९५१ मध्ये डॉन रोबीच्या पीकॉक रेकॉर्ड्सशी तिचा करार झाला. रोबी स्वतः कृष्णवर्णीय होता. त्यामुळे पुढे जे झालं ते फक्त गोऱ्यांनी केलं, असं म्हणून सुटका होत नाही.

१९५२ मध्ये बँडलीडर जॉनी ओटिसने तिच्यासाठी गाणं हवं म्हणून दोन पोरांना बोलावलं. जेरी लीबर आणि माईक स्टोलर, दोघंही १९ वर्षांचे. त्यांनी तिला तालमीत गाताना पाहिलं आणि पंधरा मिनिटांच्या आत गाणं लिहून काढलं. गाण्यातला ‘हाऊंड डॉग’ म्हणजे खरा कुत्रा नव्हता. बाईच्या जिवावर खाणारा फुकट्या पुरुष असा त्याचा अर्थ, आणि गाण्यातली बाई त्याला दारातून हाकलून देते.

१३ ऑगस्ट १९५२ ला लॉस एंजेलिसमध्ये रेकॉर्डिंग झालं. ड्रमवर खुद्द ओटिस होता आणि शेवटी बँडमधल्या लोकांनी कुत्र्यासारखं भुंकून धमाल उडवली. १९५३ मध्ये रेकॉर्ड बाजारात आली आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिल्या नंबरवर राहिली. ही यादी मुख्यतः कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या बाजारासाठी वेगळी काढली जायची.

या सगळ्याचे बिग मामाला किती पैसे मिळाले? ती स्वतः सांगायची त्याप्रमाणे साधारण ५०० डॉलरचा एक चेक. बस्स.

आता एल्विस. १९५६ मध्ये तो लास वेगासला गेला, तिथे फ्रेडी बेलचा बँड हेच गाणं गात होता. बेलने शब्द बदलून ते सोज्वळ केलं होतं. फुकट्या पुरुष गायब झाला आणि खराखुरा कुत्रा आला. एल्विसने तेच व्हर्जन उचललं. २ जुलै १९५६ ला न्यूयॉर्कमध्ये ३१ टेक झाले. ‘डोन्ट बी क्रूएल’ आणि ‘हाऊंड डॉग’ अशी दोन्ही बाजूंना गाणी असलेली ती रेकॉर्ड ११ आठवडे पहिल्या नंबरवर होती.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात स्टोलर ज्या जहाजातून युरोपहून परत येत होता ते आंद्रेआ डोरिया जहाज बुडालं. तो वाचून बंदरावर उतरला, तर लीबरने त्याला एल्विसच्या हिटची बातमी दिली.

यात बेकायदा काहीच नव्हतं. एकदा गाणं रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की अमेरिकन कायद्यानुसार दुसरा कोणीही ठरलेली रॉयल्टी भरून ते पुन्हा गाऊ शकतो. ती रॉयल्टी जाते गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकाला. आधी गाणाऱ्याला काहीच नाही. ‘हाऊंड डॉग’वरून कोर्टकचेऱ्याही झाल्या, पण त्या कंपन्यांच्या आणि लेखकांच्या हक्कांसाठी. बिग मामाने गाणं लिहिलं नव्हतं, म्हणून ती त्या हिशोबातच नव्हती.

मग स्वतःच लिहिलं असतं तर?

तेही तिने केलं. ‘बॉल अँड चेन’ हे गाणं तिचं स्वतःचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिने ते एका छोट्या कंपनीसाठी रेकॉर्ड केलं. कंपनीने ते बाजारात आणलंच नाही, पण कॉपीराइट मात्र स्वतःकडे ठेवला. पुढे जॅनिस जॉप्लिनच्या बँडने बिग मामाची परवानगी घेऊन ते गायलं आणि १९६७ च्या माँटेरे फेस्टिवलमध्ये जॅनिस एका रात्रीत स्टार झाली. नव्या श्रोत्यांमुळे बिग मामाला शो मिळाले, पण प्रकाशनाच्या रॉयल्टीचा पैसा तिच्या हाती आला नाही.

म्हणजे पहिल्या वेळी गाणं लिहिलं नव्हतं म्हणून गेलं, दुसऱ्या वेळी लिहूनही कागद तिच्या नावावर नव्हता म्हणून गेलं.

ती गात राहिली, युरोपचे दौरे केले, पण दारूने शरीर पोखरलं. २५ जुलै १९८४ ला लॉस एंजेलिसमधल्या एका भाड्याच्या खोल्यांच्या घरात ५७ व्या वर्षी ती गेली. एकेकाळची धिप्पाड बाई शेवटी जेमतेम ४३ किलोची उरली होती. इंगलवूडच्या दफनभूमीत तिला स्वतंत्र कबरही मिळाली नाही, आणखी दोघांसोबत तिचं नाव आहे.

२०२४ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिचा समावेश केला. तिला जाऊन तेव्हा ४० वर्षं झाली होती.

पुढच्या वेळी एल्विसचं ‘हाऊंड डॉग’ लागलं तर त्याच्या आधी बिग मामाचं रेकॉर्डिंग शोधून ऐका. भुंकणाऱ्या बँडसकट ते आजही तितकंच जोरात वाजतं.