दारूतून बाहेर आलेले बिल विल्सन

घरातला माणूस दारू सोडत नाही म्हणून आई रडते, बायको भांडते, भाऊबंद देवाची शपथ घालतात, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. उसाच्या बेटावर राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना रमची बाटली काय करते हे निराळे सांगायला नको. म्हणून या आठवड्यात आम्ही एका अमेरिकन गृहस्थाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते संत नव्हते की पुढारी नव्हते. ते दारुडे होते, आणि आयुष्याची शेवटची ३६ वर्षे त्यांनी दारू घेतली नाही.

विल्यम ग्रिफिथ विल्सन यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजी व्हर्मांट राज्यातील ईस्ट डॉर्सेट या खेड्यात झाला. सगळे त्यांना बिल म्हणत. आईवडील विभक्त झाले. वडील दूर निघून गेले, आई शिकण्यासाठी बॉस्टनला गेली, आणि आईच्या आईवडिलांनी मुलांना वाढवले. बूमरँग करणे ऑस्ट्रेलियाच्या लोकांनाच जमते, असे आजोबा एकदा सहज बोलून गेले. बिलने कित्येक महिने लाकूड तासले आणि फेकल्यावर परत येणारे बूमरँग करून दाखवले. असा हा हट्टी मुलगा.

१९१७ साली महायुद्धाच्या वेळी ते सैन्यात अधिकारी झाले. स्वभावाने बुजरे होते. न्यू बेडफर्ड येथील एका मेजवानीत त्यांनी पहिल्यांदा दारू घेतली, आणि चारचौघांत वाटणारा संकोच त्या पेल्याने घालवला. जानेवारी १९१८ मध्ये लोइस बर्नहॅम यांच्याशी त्यांचे लग्न झाले. युद्धानंतर न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात त्यांनी नाव कमावले. १९२५ मध्ये नवराबायको साइडकार लावलेल्या मोटारसायकलवरून गावोगाव फिरले. कंपन्यांची खरी स्थिती पाहायची आणि मग शेअर घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. पैसा आला, पण पिणेही वाढत गेले.

१९२९ मध्ये बाजार कोसळला आणि विल्सन यांचे सर्वस्व गेले. दोघे ब्रुकलिनमध्ये लोइसबाईंच्या वडिलांच्या घरी राहू लागले. लोइसबाई दुकानात नोकरी करीत, त्यावर घर चाले. दारू सोडल्याची वचने विल्सन यांनी घरच्या बायबलमध्ये स्वतःच्या हाताने लिहिली आणि मोडली. जो मुलगा महिनोन्महिने लाकूड तासत बसला, त्याच्यात निश्चयाची कमतरता होती असे कोण म्हणेल? पण नुसता निश्चय इथे पुरला नाही.

न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये त्यांना पुन्हापुन्हा ठेवावे लागले. तिथल्या डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्यांना समजावले की, हा आजार आहे. अशा माणसाने पहिला पेला घेतला की त्याचे शरीर थांबू देत नाही, आणि मन त्याला पुन्हा त्याच पेल्याकडे ओढून नेते. नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर हा जुना पिणारा मित्र भेटायला आला. विल्सन यांनी पेला पुढे केला, तो त्याने नाकारला. आपल्यासारखाच बुडालेला माणूस शुद्धीवर बसलेला पाहून विल्सन हादरले. ११ डिसेंबर १९३४ रोजी ते शेवटचे हॉस्पिटलात दाखल झाले. तिथे त्यांना देवाच्या अस्तित्वाची प्रचीती आली, असे ते पुढे सांगत. तेव्हापासून त्यांनी दारू घेतली नाही.

पुढचे काही महिने ते न्यूयॉर्कमधल्या दारुड्यांना उपदेश करीत फिरले. एकही सुधारला नाही. डॉक्टरांनी सांगितले की प्रवचन पुरे, आधी आजार कसा आहे ते सांगा. मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामासाठी ते ओहायो राज्यातील ॲक्रनला गेले. काम फसले. खिशात पैसे नाहीत, परका गाव, आणि हॉटेलातल्या बारमधून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. विल्सन यांचे मन डळमळले. मग ते टेलिफोनकडे वळले. चर्चच्या यादीतून नंबर काढून, एखाद्या दारुड्याशी बोलायचे आहे म्हणून ते विचारू लागले. दुसऱ्याला वाचवायला ते निघाले नव्हते. स्वतः वाचण्यासाठी त्यांना दुसरा हवा होता.

१२ मे रोजी त्यांची शल्यवैद्य डॉ. रॉबर्ट स्मिथ यांच्याशी गाठ पडली. पंधरा मिनिटे बसेन म्हणून आलेले डॉक्टर सहा तास बसले, कारण समोरचा माणूस उपदेश न करता स्वतःचीच कहाणी सांगत होता. डॉक्टर मध्ये एकदा घसरले, पण १० जून १९३५ नंतर त्यांनीही दारू घेतली नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे निनावी मद्यपींची संस्था, हाच दिवस आपला जन्मदिवस मानते. १९३९ मध्ये संस्थेचे पुस्तक निघाले, त्यात बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. या संस्थेला वर्गणी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. घरच्यांचे हाल वेगळे असतात हे ओळखून लोइसबाईंनी १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन ही संस्था उभी केली.

विल्सन पुढे निर्दोष झाले असे नाही. अनेक वर्षे त्यांना खिन्नतेने ग्रासले. सिगारेटने फुप्फुसे गेली. अखेरच्या आजारात त्यांनी व्हिस्की मागितल्याची नोंद परिचारिकेच्या टिपणांत आहे. ती त्यांना मिळाली नाही. २४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, ते वारले.

म्हणजे ३६ वर्षांनंतरही ओढ संपली नव्हती. आमच्या घरात कुणी दारू सोडली की आम्ही महिन्याभरात निर्धास्त होतो आणि लग्नात, वाढदिवसाला एक तरी घे म्हणून पेला पुढे करतो. तो एक पेला त्याला पुन्हा पहिल्या दिवसावर नेतो. पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी बंद केले तर जिवाला धोका होऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टरांकडे न्यावे. मग सोडलेल्या माणसाशेजारी त्याला बसवावे. आणि आपल्या गावात कुणी दारू सोडली असेल, तर त्याच्या मागच्या गोष्टी उगाळण्यापेक्षा त्याला शेजारच्या घरी पाठवावे. तिथे त्याची वाट पाहणारे कुणीतरी असेल.