पांडुरंग वासुदेव सुखात्मे

पांडुरंग वासुदेव सुखात्मे (जन्म : बुध, सातारा जिल्हा, २७ जुलै १९११, मृत्यू : पुणे, २८ जानेवारी १९९७) हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ होते. पिकांचे उत्पन्न नजरअंदाजाऐवजी प्रत्यक्ष कापणीने मोजण्याची पद्धत भारतात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

शिक्षण

१९३२ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते गणित घेऊन पदवीधर झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून त्यांनी १९३६ मध्ये पीएच.डी. मिळवली. १९४० पासून ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचे काम पाहू लागले.

आणेवारी आणि पीककापणी

त्या काळी महसूल कर्मचारी उभे पीक पाहून त्याची आणेवारी ठरवत. शेतसाऱ्याची सूट वा तहकुबी या आकड्यावर अवलंबून असे. सोळा आण्यांच्या मापात एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के. आकडा पूर्ण आण्यांत नोंदला की कमीअधिक पिकलेली गावे एकाच आकड्यावर येत. अशा समान आकड्यांना विश्लेषणात सरासरी क्रमांक देता येतो; मात्र नोंद करतानाच पुसला गेलेला फरक त्यातून परत मिळत नाही आणि अंदाजातील कलही दूर होत नाही.

सुखात्मे व वि. गो. पानसे यांनी यावर मोजणीचा मार्ग पुढे नेला. यादृच्छिक पद्धतीने आधी गावे, मग शेते आणि शेतातील ठरावीक मापाचा तुकडा निवडायचा. त्यातील पीक कापून, मळून त्याचे वजन करायचे. तुकडा फार लहान असल्यास कडेची रोपे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते, असे सुखात्मे यांनी दाखवले. या प्रश्नावर प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी त्यांचा मतभेद झाला.

उत्तरायुष्य

पुढे सुमारे दोन दशके त्यांनी रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत काम केले. एका ठरावीक उष्मांकरेषेखालील प्रत्येकास कुपोषित मानू नये, कारण एकाच व्यक्तीची गरजही बदलत असते, हे त्यांचे मत वादग्रस्त ठरले, वि. म. दांडेकर त्यांच्या टीकाकारांपैकी होते. त्यांना १९६३ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे गाय रौप्यपदक आणि १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले.

वारसा

आणेवारीची पुढे पैसेवारी झाली. ५० पैशांहून कमी पैसेवारी ही महाराष्ट्रात दीर्घकाळ टंचाईची खूण मानली गेली. त्यामुळे कोरडवाहू भागातील गावांना एका पैशाचा फरकही महत्त्वाचा ठरत असे. पीकविम्याची भरपाई ठरवतानाही पीककापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो.