आईच्या दुकानातून चहाच्या मळ्यात

हिंजवडीच्या आमच्या बचत गटाची बैठक म्हणजे हप्ते, हिशेब आणि शेवटी चहा. मागच्या महिन्यात मात्र चहा शेवटी न येता सुरुवातीलाच आला, तोही कपातून नव्हे तर कर्जाच्या अर्जातून. गटातल्या एका ताईंना चहाच्या दुकानाची फ्रँचायझी घ्यायची होती. सासरची जमीन आयटी पार्कात गेली तेव्हा आलेल्या पैशांतून घर झालं, गाडी झाली, दोन लग्नं झाली. आता बँकेत एकच ठेव उरली आहे. ती मोडायची, कमी पडेल तेवढं गटाने द्यायचं, असा त्यांचा बेत. आयटीतली पोरं दिवसाला चार-चार कप चहा पितात, मग तोटा कसला, असं घरच्यांचं म्हणणं.

आम्ही वहीत हिशेब मांडून बघितला. छोट्या पन्नास कपांना साधारण दोन लिटर दूध, सव्वाशे ग्रॅम पावडर, साखर, आलं, गॅस आणि कागदी कप. निम्मा खर्च एकट्या दुधाचा निघाला. चहाची पावडर जेमतेम पाचवा हिस्सा. भाडं आणि पोऱ्याचा पगार वेगळाच. शिवाय फ्रँचायझीवाल्यांची अट अशी की पावडर त्यांच्याकडूनच आणि त्यांच्याच भावाने घ्यायची. मग नफा नक्की कुणाचा? चहाच्या धंद्यात हा प्रश्न फार जुना आहे, आणि मला त्यावरून एकदम थॉमस लिप्टनची आठवण झाली. चहाच्या डब्यावरचं हे नाव आपल्या आयांनाही माहीत होतं. पण त्या नावाचा एक हाडामांसाचा माणूस होता, हे आमच्या गटात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्याची गोष्ट सांगितली, तीच इथे सांगते.

थॉमसचा जन्म १८४८ मधला, स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरातला. आईवडील मूळचे आयर्लंडचे. तिथे बटाट्याचं पीक गेलं आणि मोठा दुष्काळ पडला, तेव्हा ते पोटासाठी ग्लासगोत आले. वडिलांनी मिळेल ते काम केलं. पुढे दोघांनी कामगार वस्तीत एक छोटंसं दुकान टाकलं. लोणी, अंडी आणि खारवलेलं मांस एवढाच माल. घर आणि दुकान दोन्हीची सूत्रं आईच्या, फ्रान्सेसच्या हातात होती. तेराव्या वर्षी थॉमसची शाळा सुटली. एका छापखान्यात निरोप्या म्हणून लागला, मग शर्टाचं कापड कापण्याचं काम केलं, आणि संध्याकाळी रात्रशाळा.

या दुकानातली एक गोष्ट नेहमी सांगतात. लहानग्या थॉमसने म्हणे वडिलांना सुचवलं, की अंडी तुम्ही देऊ नका, आईला देऊ द्या. वडिलांचे हात मोठे, त्यात अंडं बारकं दिसतं. आईचे हात नाजूक, त्यात तेच अंडं मोठं दिसतं! आमच्या बायका यावर खूप हसल्या. मला मात्र ही गोष्ट निम्मीच आवडते. हुशारी आहे खरी, पण समोर अंडी घेणारी बाईही गरीबच होती ना?

वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी पोरगा बोटीवर नोकरीला लागला. ती सुटली तेव्हा साठलेल्या पैशांतून त्याने अमेरिकेचं तिकीट काढलं. तंबाखूच्या शेतावर राबला, भाताच्या मळ्यावर हिशेब लिहिले, दारोदार माल विकला. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका मोठ्या दुकानाच्या किराणा विभागात लागला. खरं शिक्षण तिथे झालं. लख्ख उजेड, नीट मांडलेला माल, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं आणि भरपूर जाहिरात. १८७० च्या सुमारास तो घरी परतला, तेव्हा आईसाठी पिठाचं एक पिंप आणि एक झुलती खुर्ची घेऊन आला असं सांगतात. वडिलांसाठी काय आणलं ते काही माझ्या वाचनात आलं नाही!

१८७१ मध्ये त्याने स्वतःचं पहिलं दुकान उघडलं. मधले दलाल टाळून लोणी, अंडी, मांस थेट आयर्लंडच्या शेतकऱ्यांकडून आणायचं आणि स्वस्त विकायचं, हे त्याचं सूत्र. जाहिरातीत तर तो अवलियाच होता. धष्टपुष्ट डुकरांची रस्त्यातून वरात काढायचा. १८८१ च्या नाताळात भलंमोठं चीज आणून त्यात सोन्याची नाणी दडवली, आणि तुकडे हातोहात खपले. १८८८ पर्यंत त्याची दुकानं तीनशेच्या घरात गेली होती. चहा मात्र तोवर त्याच्या धंद्याचा मुख्य माल नव्हता.

मग १८८९ हे वर्ष आलं. त्याच वर्षी त्याने चहात उडी घेतली, आणि त्याच वर्षी आई गेली. काही महिन्यांनी वडीलही गेले. थॉमसने लग्न केलेलं नव्हतं, पुढेही केलं नाही. घर रिकामं झालं आणि १८९० मध्ये तो बोटीने सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला निघाला. या दोन गोष्टींचा संबंध त्याने कधी जोडला असेल-नसेल, मला मात्र तो जाणवतो. घरातलं माणूस गेल्यावर कामात बुडवून घेणाऱ्या बायका मी कितीतरी पाहिल्या आहेत.

त्या वेळी इंग्लंडात चांगला चहा पौंडाला तीन शिलिंगांच्या आसपास मिळायचा. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. लाकडी खोक्यांतला सुटा चहा वाणी तोलून देई. वजनाची खात्री नाही, भेसळीची भीती, आणि उघडं राहून वास उडालेला. मळेवाला, लंडनचा लिलाव, दलाल, घाऊक व्यापारी, मग वाणी, अशी साखळी होती. लिप्टनने मधल्या कड्या तोडल्या आणि भाव एक शिलिंग सात पेन्सवर आणला, जवळजवळ निम्मा. पाकीट हा काही त्याचा शोध नव्हे. हॉर्निमन नावाचा व्यापारी १८२६ पासून चहा बंद पाकिटात विकत होता. पण लिप्टनने पौंड, अर्धा पौंड आणि पाव पौंड अशी वजन छापलेली पाकिटं कामगारांच्या वस्तीत नेली. आठवड्याच्या मजुरीतून पाव पौंडच परवडणाऱ्या बाईलाही आता पुरं वजन आणि तोच चहा मिळू लागला. पाऊच आणि पुड्या विकणाऱ्या आपल्या बाजाराला ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नकोच.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. गावोगावचं पाणी वेगळं, म्हणून एकच चहा सगळीकडे सारखा उतरत नाही. ज्या शहरात विकायचा तिथल्या पाण्याला जुळेल असं मिश्रण तो तयार करून घेई, आणि जाहिरातीतही तसं सांगे.

सिलोनमध्ये कॉफीच्या बागा पानावरच्या तांबेऱ्याने बसल्या होत्या आणि जमिनी स्वस्तात निघाल्या होत्या. त्याने डंबटेन आणि इतर मळे विकत घेतले. मळ्यातून थेट किटलीत, अशी त्याची जाहिरात गाजली. वास्तविक एवढ्या दुकानांना पुरेल इतका चहा त्याच्या मळ्यांत पिकतच नव्हता, बराचसा विकतच घ्यावा लागे. जाहिरातीत डोक्यावर टोपली घेतलेली तमिळ मजूर बाई असायची. चहा स्वस्त झाला त्यात दलाल गेले हे खरं, पण तिच्यासारख्या बायकांची तुटपुंजी मजुरीही होतीच. दक्षिण भारतातून नेलेल्या या मजुरांच्या पुढच्या पिढ्यांना १९४८ च्या कायद्याने सिलोनचं नागरिकत्वही नाकारलं. त्यात लिप्टनचा हात नव्हता, तो कधीच वारला होता. तरीही पाकिटावरचं ते चित्र आठवलं की चहा थोडा कडू लागतो.

पुढचं वैभव झटपट सांगते. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली, तेव्हा गरिबांच्या जेवणासाठी त्याने २५,००० पौंड दिले. १८९८ मध्ये तो सर झाला. शर्यतीच्या शिडाच्या बोटी बांधून अमेरिकेशी पाच वेळा झुंजला आणि पाचही वेळा हरला. पण हसत हरला, म्हणून १९३० मध्ये अमेरिकन लोकांनीच वर्गणी काढून त्याला सोन्याचा चषक दिला. इंग्लंडातल्या बड्या नौका क्लबने मात्र या वाण्याला सभासद करून घ्यायला १९३१ उजाडवलं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला तो लंडनमध्ये वारला. योगायोग बघा, चहाच्या विरोधात असलेले आपले गांधीजी त्या दिवशी, आपल्या वाढदिवशी, गोलमेज परिषदेसाठी तिथेच होते.

मागे मूलबाळ नव्हतं. संपत्तीचा मोठा वाटा ग्लासगोच्या गोरगरिबांसाठी गेला. राहतं घर त्याने आईच्या स्मरणार्थ निवृत्त परिचारिकांसाठी ठेवलं. त्याला पुरलं तेही ग्लासगोला, आईवडिलांच्या शेजारी.

गोष्ट संपली तेव्हा ताई गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, ते पाण्याचं खरं का? म्हटलं, बघूया की. उन्हाळ्यात हिंजवडीला पाण्याचे किती प्रकार! सोसायटीच्या टँकरचं, बोअरचं आणि फिल्टरचं अशा तीन पातेल्यांत एकाच पावडरीचा चहा टाकला. दूधही मापून सारखंच. बोअरच्या चहावर काळपट साय धरली आणि चव अगदी मातट. टँकरचा बरा होता. फिल्टरचा सगळ्यांना आवडला, पण ताईंना तो फिका वाटला. जरा कडक पावडर घातली तर टँकरच्या पाण्यातही रंग येईल, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. ठेव अजून मोडलेली नव्हती. पुण्यात खुली पावडर घाऊक भावाने कुठे मिळते आणि दोन-तीन जातींची पाव-पाव किलो देतात का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.