आजचं वाचन: १ शमुवेल १ आणि २ – दोन हन्ना



आजचे दोन अध्याय तुम्ही संडेस्कूलपासून ऐकले असतील. हन्नाला मूल नव्हतं, ती शिलोत रडली, शमुवेल झाला आणि दूध तुटल्यावर तिने त्याला एलीकडे नेऊन सोडलं. आपण हे पटकन वाचून पुढे जातो. पण दूध तुटलेलं पोर म्हणजे तीन वर्षांचं असेल हो! आजकाल प्लेग्रुपला सोडताना आईचा पाय निघत नाही.

मी नगरची, त्यामुळे हा अध्याय आला की मला आमच्या नगरचं एक घराणं आठवतं. ह्यूम मेमोरियल चर्च तुम्ही बघितलं असेल. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं असेल तर ह्यूमसाहेबही भेटले असतील. या डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्या आईचं नाव हन्नाच होतं.

वडील रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ पासून मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचं काम करत होते. मुलं इथेच झाली. आपले ह्यूमसाहेब १८४७ मध्ये, तर एडवर्ड त्यांच्या पाठचा, पुढच्या वर्षीचा. १८५४ मध्ये वडिलांची तब्येत ढासळली, म्हणून सगळं कुटुंब गलबतातून अमेरिकेला निघालं. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, म्हणजे तेव्हा आफ्रिकेला अख्खा वळसा घालून जायचं. कित्येक महिने पाणीच पाणी. त्या प्रवासात नोव्हेंबर महिन्यात, केप ऑफ गुड होपच्या आसपास, वडील वारले.

रॉबर्ट सात वर्षांचा होता. आणि हन्नाबाई? नवरा गेला, पदरात लहान लेकरं, जहाज ना मागे फिरू शकत ना थांबू शकत. रडायला जवळ सासर नाही, माहेर नाही. शिलोतल्या हन्नाजवळ निदान एलकाना होता. मला तर वाटतं, या हन्नाची परीक्षा जास्त कठीण होती.

त्या मुलांना घेऊन न्यू हेवनला पोचल्या आणि तिथेच त्यांना वाढवलं. रॉबर्ट १८६८ मध्ये येल कॉलेजातून पदवीधर झाला. आता ज्या देशाच्या वाटेवर नवरा गमावला, त्याच देशात मुलाने जायचं म्हटलं तर कुठलीही आई नाहीच म्हणेल ना? पण १८७४ मध्ये रॉबर्ट नगरला आला आणि पुढच्याच वर्षी एडवर्ड मुंबईला. दोन्ही मुलगे! शमुवेलाची आई दरवर्षी छोटा झगा शिवून शिलोला न्यायची, लेकराला बघायची तरी. हन्नाबाईंना समुद्रापलीकडून पत्रांचीच वाट बघावी लागली असणार.

नगरला ह्यूमसाहेबांनी १८७८ मध्ये धर्मशिक्षणाची सेमिनरी सुरू केली. घरात लहान मुलं होती. १८८१ मध्ये पत्नी ॲबी पाचगणीला वारल्या. जे त्यांच्या आईने सोसलं, ते आता त्यांच्या वाट्याला आलं: दूरदेशी एकट्याने लेकरं सांभाळायची.

१८८६ मध्ये ते अमेरिकेत असताना आणखी एक प्रकरण झालं. ज्यांनी ख्रिस्ताचं नावच ऐकलं नाही त्यांना मृत्यूनंतरही देव संधी देईल, अशी आशा त्यांनी बोलून दाखवली. मिशनच्या बोर्डाला ते रुचलं नाही आणि त्यांचं परत येणंच लटकलं. जो माणूस नगरच्या लोकांमध्ये राहिला, ज्याने नव्या विश्वासूंच्या आज्या-पणज्यांचा विचार केला, त्याला हा प्रश्न टाळता येणार नव्हता, असं मला वाटतं. (यावर युथ मीटिंगमध्ये आमची तासभर चर्चा झाली होती, तुम्हीही करा.) अखेर १८८७ मध्ये परवानगी मिळाली. त्याच वर्षी त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या फेअरबँक मिशनरींची मुलगी केटी हिच्याशी लग्न केलं.

शतक संपता संपता मोठा दुष्काळ पडला. आईबाप गमावलेली कितीतरी मुलं मिशनच्या आसऱ्याला आली, आणि त्या मदतकार्यासाठी सरकारने ह्यूमसाहेबांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. पदकाचं मला फार कौतुक नाही. पण सातव्या वर्षी भर समुद्रात पोरका झालेला मुलगा त्या पोरांकडे कसा बघत असेल, हा विचार मात्र डोक्यातून जात नाही.

एक गोष्ट मला टोचते. मिशनरी आपली मुलं सात-आठ वर्षांची झाली की शाळेसाठी अमेरिकेत ठेवून यायचे. त्या मुलांना कुणी विचारलं होतं का? शमुवेलालाही कुणी विचारलं नव्हतं. आपण हन्नाच्या त्यागावर उपदेश ऐकतो, शमुवेलाच्या पहिल्या रात्रीवर कोणी बोलत नाही.

ह्यूमसाहेबांची लेक रूथ डॉक्टर झाली आणि १९०३ मध्ये आपणहून नगरला परत आली, बायकामुलांच्या दवाखान्यासाठी. साहेब १९२९ मध्ये अमेरिकेत वारले, नगरमध्ये अर्धशतकाहून जास्त काळ काम करून.

उद्या तिसरा अध्याय वाचूया. रात्रीच्या अंधारात कोणीतरी हाक मारतंय, आणि शमुवेल धावत एलीकडे जातो.